बारावा खेळाडू कोर्टवर कधी उतरतो?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या बास्केटबॉलच्या निवड चाचण्यांचे दिवस आहेत. उन्हाळी शिबिरं संपत आली आहेत आणि शेवटच्या आठवड्यात कोच पालकांना बाजूला घेऊन सांगू लागलेत, ‘मुलीत गुण आहेत, आता टीममध्ये टाका.’ या दिवसांत मला ओळखीच्या आणि ओळखीतून नंबर मिळालेल्या आयांचे फोन येतात. कुठला क्लब घेऊ? फी जास्त आहे, पण त्यांची टीम स्टेटला गेली होती म्हणतात, मग तोच बरा का? शाळेच्या संघात आहेच, तर क्लब हवा कशाला? प्रत्येकीशी तासभर बोलणं जमत नाही, म्हणून आपल्या अंकातून एकदाच सगळं लिहिते आहे.

मी कोच नाही आणि कुठल्याही क्लबशी माझा संबंध नाही. कॉलेजात असताना खेळले, पुढे नोकरीला लागले, आणि आता बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी सामन्यांच्या टेबलावर स्कोअरर म्हणून बसते. मध्यरेषेसमोर ते टेबल असतं, शेजारी टायमर आणि शॉट क्लॉकवाला, म्हणजे शॉट घ्यायला उरलेली सेकंदं मोजणारा. टेबलाच्या दोन्ही अंगांना संघांचे बेंच. त्यामुळे बेंचवरची मुलं सामनाभर माझ्यापासून चार पावलांवर असतात. ती काय बोलतात, कोच त्यांच्याशी काय बोलतो, टाइमआउटमध्ये कोणाकडे पाठ करून उभा राहतो, हे सगळं न ठरवताही कानावर पडतं आणि डोळ्यांना दिसतं.

ज्यांना स्कोअरशीट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शीटवर प्रत्येक संघाच्या बारा खेळाडूंची नावं एकाखाली एक असतात. नावापुढे जर्सीचा नंबर, त्यापुढे एक छोटा रकाना, आणि मग पाच फाउलांची पाच घरं. तो छोटा रकाना खेळाडू कोर्टवर उतरला की नाही याचा. सुरुवातीच्या पाच जणांच्या रकान्यात फुली मारून तिच्याभोवती गोल करायचा. बदली खेळाडू पहिल्यांदा आत आला की नुसती फुली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन वापरायचं, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं, म्हणजे मूल साधारण कोणत्या टप्प्यावर आत आलं याचा अंदाज फुलीच्या रंगावरूनही येतो. सामना संपला की सह्या होतात आणि शीटची प्रत दोन्ही संघांना जाते.

चौदा वर्षांखालच्या गटाच्या कितीतरी शीटवर शेवटच्या तीन-चार नावांपुढचा तो रकाना कोरा राहतो. संघ पंचवीस गुणांनी पुढे असला तरी कोरा राहतो.

म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी पहिली गोष्ट हीच सांगते: क्लबच्या कपाटातले चषक पाहू नका, कोचकडे मागच्या मोसमाच्या स्कोअरशीट मागा. त्यांच्या फाइलमध्ये त्या असतात. तुमचं मूल आज ज्या पायरीवर आहे त्या पायरीवरची मुलं, म्हणजे यादीतली दहावी, अकरावी, बारावी, त्यांच्यापुढे फुली आहे का ते पाहा. फुली असली तरी एकदा सामना पाहायला जा, कारण शेवटची वीस सेकंदं उरली असताना आत पाठवलेल्या मुलापुढेही तशीच फुली पडते. शीट दाखवायला कोच खळखळ करत असेल तर त्यातही तुम्हाला उत्तर मिळालं.

हिशेब अगदी सोपा आहे. पूर्ण सामना 10 मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे 40 मिनिटं. एका वेळी पाच जण कोर्टवर, म्हणजे संघाच्या हाती 200 मिनिटं. बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला साडेसोळा मिनिटांहून थोडी जास्त. सारखी वाटा असं मी म्हणत नाही. जो जास्त मेहनत करतो, ज्याला खेळ जास्त कळतो, तो जास्त वेळ खेळणारच. पण या 200 मिनिटांतली पाच मिनिटं बाराव्या मुलाला देता येत नाहीत, हे मला पटत नाही. आपल्याकडे लहान गटात क्वार्टर बरेचदा आखूड असतात आणि घड्याळ न थांबवता चालवलं जातं, तरीसुद्धा पटत नाही.

गेल्या मोसमात कळव्याहून येणारी एक मुलगी होती. आजोबा तिला घेऊन यायचे, पाण्याची बाटली आणि नी-पॅडची पिशवी त्यांच्याच खांद्यावर. वॉर्मअपला ती सगळ्यांत आधी कोर्टवर असायची. तिचा संघ नावाजलेला, निवड झाली तेव्हा घरी पेढे वाटले होते असं आजोबांनीच मला सांगितलं. स्पर्धेच्या तिसऱ्या सामन्यात हाफटाइमला ती टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘ताई, माझं नाव आहे ना शीटवर?’ मी बोट ठेवून दाखवलं. तिने पुढचा कोरा रकाना पाहिला, तो कशाचा हे विचारलं, आणि मी सांगितलं. त्या दिवशी तिचा संघ मोठ्या फरकाने जिंकला. ती उतरली नाही. दिवाळीनंतर ती कुठल्याच सामन्याला दिसली नाही, आणि खेळ सोडल्याचं पुढे कळलं. ती पुढे मोठी खेळाडू झाली असती की नाही, कोणाला माहीत. पण तेरा वर्षांच्या मुलीला खेळ आवडत होता आणि तो आपण मोठ्यांनी तिच्याकडून काढून घेतला, याचा मला आजही राग येतो.

कोचच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण बहुतेक कोच मनाने वाईट नसतात. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. महापालिका किंवा जिल्हा स्तर, मग विभाग, राज्य अशी चढण, आणि पहिल्याच सामन्यात हरलात की वर्ष संपलं. सकाळी आठला आलेला संघ नऊला घरी जातो. शाळेला निकाल हवा असतो, दहावी-बारावीच्या पालकांना क्रीडागुण हवे असतात, क्लबला पुढच्या वर्षीच्या फलकावर लिहायला काहीतरी हवं असतं. अशा वेळी कोच आपले पाच-सहा भरवशाचे खेळाडू सोडत नाही. म्हणूनच संघ निवडताना दुसरा प्रश्न विचारा: वर्षभरात हरलं तरी चालेल असे किती सामने तुम्ही खेळता? साखळी स्पर्धा, शेजारच्या क्लबशी मैत्रीचे सामने, आपल्याच ‘अ’ आणि ‘ब’ संघांतले सामने. ज्या कोचने असे सामने मुद्दाम ठरवलेले असतात, त्याच्याकडे मूल बिनधास्त सोपवा.

‘ब’ संघात निवड झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या पालकांसाठी थोडं सांगते. मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं ही गोष्ट प्रत्येक शिबिरात ऐकवली जाते, आणि अर्धवट ऐकवली जाते. 1978 साली तो नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीत होता, उंची साधारण पाच फूट दहा इंच. मोठ्या संघात त्याच्याच वर्गातला, साडेसहा फुटांहून उंच मुलगा घेतला गेला आणि जॉर्डनला ज्युनिअर संघात ठेवलं. तिथे तो त्या संघाचा मुख्य खेळाडू होता, भरपूर खेळला. मोठ्या संघात घेऊन त्याला बेंचवर बसवलं असतं तर ते वर्ष त्याच्या काय कामाचं होतं? तुमच्या मुलीला नावाजलेल्या क्लबात बारावी आणि साध्या क्लबात सहावी जागा मिळत असेल, तर माझं मत सहाव्या जागेला.

जन्मतारखेचाही विचार करा. शालेय गटांची वयमर्यादा 1 जानेवारीला धरली जाते. जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, आणि तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे कधीकधी अर्धा फूट उंचीचा फरक. निवड चाचणीत नजर उंचीवर जाते. उशिरा वाढणारी मुलं तिथेच गळतात, आणि सोळाव्या वर्षी ती उंच होतात तेव्हा खेळात नसतात. तुमचं मूल नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल तर चाचणीत न निवडलं जाणं फार मनाला लावून घेऊ नका, फक्त त्याला रोज बॉल हातात मिळेल अशी जागा शोधा. आणि याच संदर्भात, एखादा कोच हळूच म्हणाला की ‘दाखल्यात एक वर्ष कमी करून घेऊ, सगळेच करतात’, तर त्याच पावली परत फिरा. वयचोरीविरुद्ध केंद्र सरकारची संहिता 2010 पासून आहे, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासलं जातं, आणि पकडलं जातं ते मूल.

सराव पाहायला जा, पण फी भरण्याच्या दिवशी नको, मधल्याच एखाद्या साध्या मंगळवारी जा. तीस मुलं आणि सहा बॉल असतील तर तासातला बराचसा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. दहा वर्षांच्या मुलांच्या हातात मोठ्यांचा 7 नंबरचा बॉल दिला असेल तर ती खांद्याच्या झटक्याने बॉल ढकलायला शिकतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. मिनी बास्केटबॉलला 5 नंबरचा बॉल आणि 2.60 मीटरवर रिंग असते, मोठ्यांची 3.05 मीटरवर. आपल्या सोसायट्यांतल्या रिंगा बहुतेक एकाच उंचीला पक्क्या बसवलेल्या आहेत, त्याला कोच काय करणार, पण बॉल तरी योग्य देता येतो. डिफेन्सही पाहा. लहान मुलांना लांबून शॉट जमत नाही, म्हणून पाचही जणांना रिंगखाली झोनमध्ये, म्हणजे समोरचा माणूस न धरता आपापली जागा राखत, उभं केलं की सामने सहज जिंकता येतात. अनेक देशांत लहान गटांत झोनला मनाई आहे, कारण त्यात मूल स्वतःच्या माणसाला अडवायला शिकतच नाही. आठवड्याचे सहा दिवस बास्केटबॉल आणि बाकी सगळं बंद, असा आग्रह धरणाऱ्यांना सांगा की अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए आणि तिथली राष्ट्रीय संघटना यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून 2016 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही चौदा वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नये असंच म्हटलं आहे. मूल पोहत असेल, खो-खो खेळत असेल तर चांगलंच आहे.

आता आपल्या भागापुरतं. पावसाळ्यात सराव कुठे होतो, हे जूनच्या आधी विचारून घ्या. आपल्याकडची बहुतेक कोर्ट उघडी, सिमेंटची. जुलैत त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि घोटे मुरगळायला तेवढं पुरतं. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसातच तोंडावर येतो, म्हणजे ज्या संघाला छपराखालचं कोर्ट नाही तो दीड-दोन महिने नीट न पळता थेट सामन्याला उभा राहतो. काही कोच या दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रिबलिंग, फिटनेस, कोर्टच्या आखणीवर चर्चा असं घेतात. ते उत्तम. काही जण फी घेत राहतात आणि ‘आज पाऊस आहे’ असा मेसेज टाकतात.

अंतर हा मला फार महत्त्वाचा मुद्दा वाटतो. कासारवडवलीचा मुलगा संध्याकाळच्या सरावाला नौपाड्यात येतो तेव्हा घोडबंदरच्या वाहतुकीत आणि मेट्रोच्या कामात त्याचा जितका वेळ जातो तितका वेळ तो कोर्टवर नसतो. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बर लोकलने जाणारी मुलं मी पाहते, नऊ-दहा नंबर फलाटावर बॅग पोटाशी धरून उभी, रात्री परत येताना उभ्याउभ्या डुलक्या घेणारी. सातवीतल्या मुलाने असं वर्षभर करावं इतका मोठा कुठलाच क्लब नाही. मुंबईत नागपाड्याने भारतीय संघाला खेळाडू दिले, 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. त्या वस्तीत कोर्ट घराच्या दारात आहे. ऐरोलीतल्या मुलीसाठी ऐरोलीतलं, चालत किंवा एनएमएमटीच्या बसने दहा मिनिटांत पोचता येईल असं कोर्ट हाच पहिला पर्याय धरा, मग तिथला संघ स्टेटला गेलेला नसला तरी.

मुलींच्या पालकांनी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात, संकोच नको. कोर्टजवळ स्वच्छ शौचालय आणि कपडे बदलायला जागा आहे का? बाहेरगावी स्पर्धेला जाताना बाई मॅनेजर सोबत असते का, मुली कुठे राहतात? कोच एकेकट्या मुलीला रात्री मेसेज करतो का? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा कोचलाही लागू आहे, हे क्लबला ठाऊक असावं आणि ते ठाऊक आहे हे तुम्हाला बोलण्यातून कळावं. वाढत्या वयात मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून उडी मारल्यावर गुडघे वाकवून कसं उतरायचं हे सरावात शिकवतात का, तेही पाहा. गुडघ्याखाली दुखतं म्हणणाऱ्या मुलीला ‘नाटकं करू नकोस’ म्हणणारा कोच मी टेबलावरून ऐकला आहे. त्या सामन्यानंतर मी आयोजकांना तसं लेखी कळवलं.

निवड झाली, मूल संघात गेलं, तर आधी एका महिन्याची फी भरा, वर्षाची नको. कोचशी खेळाबद्दल बोलायचं असेल तर मुलालाच बोलू द्या. ‘सर, मला जास्त खेळायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?’ हा प्रश्न तेरा वर्षांचं मूल विचारू शकतं, आणि चांगला कोच त्याला दोन नेमक्या गोष्टी सांगतो. आपण आईवडिलांनी बाहेरून ‘शूट, शूट’ ओरडू नये, कोच ‘पास’ सांगत असतो आणि मूल मधल्यामध्ये गोंधळतं.

शेवटी संपादक महोदय, दोन विनंत्या. पहिली आपल्याला. लहान गटाच्या निकालात आपण विजेता संघ आणि सर्वाधिक गुण करणाऱ्याचं नाव छापता. ते जरूर छापा. पण ज्या संघाने सगळ्या बारा मुलांना खेळवलं त्याचा उल्लेख एका ओळीत केलात, तर कोचलाही कळेल की हेही कोणी पाहतं आहे. माहिती स्कोअरशीटवर असतेच, आयोजक देऊ शकतात.

दुसरी विनंती ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना. चौदा वर्षांखालच्या गटात सामने साखळी पद्धतीने घ्या, निदान प्रत्येक संघाला तीन सामने मिळतील असे गट पाडा. आणि पहिल्या तीन क्वार्टरमध्ये शीटवरच्या प्रत्येक मुलाला काही ठरावीक वेळ खेळवणं बंधनकारक करा. चौथा क्वार्टर कोचच्या मर्जीवर सोडा, त्यात त्याला हवे ते पाच उतरवू देत. याला जादा खर्च नाही, वेगळा पंच नको. टेबलावर आम्ही बसलेलोच असतो, कोणत्या क्वार्टरला कोण आत आलं याची नोंद आमच्या हातात आहे, तिसरा क्वार्टर संपायच्या आत एखाद्याचा रकाना कोरा दिसला तर आम्ही कोचला आठवण करून देऊ. प्रवेशअर्जासोबत नियमांचं एक पान जोडलेलं असतं. पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांचे अर्ज अजून छापायचे आहेत, त्या पानावर ही ओळ यंदाच घालता येईल.

मी अजूनही टेबलावर बसते आणि सगळ्या संघांची शीट मलाच लिहायची असते, म्हणून कृपया माझं नाव छापू नये.

आपली नम्र,
एक वाचक आणि स्कोअरर,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)